नैवेद्याआधीचं ताट

माझ्या सासूबाई, मैनाबाई, भाद्रपदात एक काम करतात. ते आमच्या गावात दुसरी कोणी बाई करणार नाही, आणि केलंच तर कबूल करणार नाही. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाच्या दिवशी पुरणपोळ्यांची चळत उभी राहिली, सोळा भाज्या एकत्र शिजल्या, आंबील निवली की देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी त्या एक ताट वाढतात आणि शेजारच्या नागोरावांकडे नेऊन देतात. देवीच्या आधी! त्या दिवशी आमच्या घरात मीठ बरोबर आहे का हे बघायलासुद्धा कोणी जिभेला बोट लावत नाही, आणि त्याच घरातून हे ताट निघतं.

मी पुसदची. लग्न होऊन मुकुटबनजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच वर्षी हे पाहिलं आणि मला वाटलं, कामाच्या धांदलीत विसरल्या बिचाऱ्या. हळूच म्हटलं, "आई, नैवेद्य राह्यला ना अजून."

"म्हणूनच तं आता देऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "नैवेद्य झाल्यावर त्यायले चालत नाही."

नागोराव महानुभाव पंथाचे, रीतसर उपदेश घेतलेले. आपल्या पंचकृष्णांखेरीज दुसऱ्या कोणत्याही देवतेला हात जोडायचे नाहीत आणि दुसऱ्या देवतेपुढे ठेवलेलं अन्न खायचं नाही, हा त्यांचा नेम. तसं पाहिलं तर नेमाची माणसं मला चार हात लांबूनच बरी वाटतात. नेम ते पाळतात आणि जीव घरच्या बायकांचा जातो. पण नागोरावांच्या नेमाचा त्रास झाला तो नागोरावांनाच. एकदा ते बिनविरोध सरपंच व्हायचे होते. सगळं ठरलं होतं, मारुतीच्या देवळात एक नारळ तेवढा फोडायचा होता. ते म्हणाले, "देऊळ झाडून देतो, नारळ फोडत नाही." सरपंच दुसरा झाला. नागोरावांनी मात्र शब्द दिला होता म्हणून दुसऱ्या दिवशी देऊळ झाडून दिलं. गणपतीच्या मंडपाचे बांबू अजूनही तेच रोवतात आणि आरतीचं तबक दिसलं की चपला घालून घरी जातात. आता तर गावातले लोक हसून म्हणतात, नागोराव निघाले, म्हणजे आरतीची वेळ झाली.

माझ्या सासूबाई म्हणजे याच्या अगदी उलट. वणीच्या बाजाराला जाताना दर्गा दिसला की पदर डोक्यावर. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या खिरीसाठी घरून डबा घेऊन जाणार. कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीत, पूजा असली तर तिथेही बसून येणार. एकदा मी वैतागून विचारलं, "आई, तुमचा नेमका देव कोणता वो?" त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मले काय ठाऊक बाप्पा! जो दारी येईन त्याले पाणी विचारावं." आणि पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागल्या.

ताटाची रीत सुरू झाली ती नागोरावांच्या बायकोपासून. तुळसाबाई आणि सासूबाई दोघी एकाच वर्षी या गावात सुना होऊन आल्या. पहिल्या महालक्ष्म्यांना सासूबाईंनी मैत्रिणीकडे जेवणाचं ताट पाठवलं, ते जसंच्या तसं परत आलं. तुळसाबाई रडवेल्या होऊन सांगायला आल्या की आमच्यात देवतेचा नैवेद्य चालत नाही, राग धरू नको. दुसरी कोणी असती तर जन्मभर बोलली नसती. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "देवीपुढं ठेवायच्या आधीचं चालते का?" चालतं म्हटल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी आधीच ताट काढलं. त्यांच्या सासूने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा ही नवी सून म्हणाली होती म्हणे, "महालक्ष्म्या तं माहेरी आलेल्या लेकी हाय. शेजारी आधी जेवला म्हणून कोणती लेक रुसते?" तुळसाबाईंनी मग एक काठाचं पितळी ताट आमच्याकडे आणून ठेवलं. वर्षभर ते आमच्या फळीवर असतं आणि वर्षातून एकदाच उतरतं. तुळसाबाई वारल्या, ताट थांबलं नाही.

माझं मात्र एकदा डोकं फिरलं होतं. त्या वर्षी आंबिलीत मीठच पडलं नाही. पंगतीत पहिला भुरका मारल्यावर सगळ्यांची तोंडं जी झाली! मला नागोरावांचाच राग आला. हा माणूस आपल्या तासभर आधी जेवला, कुंपणावरून एक हाक मारून 'आंबील अळणी झाली' एवढं सांगायला काय झालं होतं? सासूबाईंना म्हटलंसुद्धा. त्या मिठाची वाटी घेऊन पंगतीत फिरल्या.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी सदाशिवराव एक दिवस आधी आले.

सदाशिवराव माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे मामाजी. कोळशाच्या खाणीत कारकुनी करून वणीत निवृत्त झाले. नोकरी होती तोवर त्यांना फक्त जेवणाच्या दिवशी सुटी मिळायची, दुपारी ऐन आरतीला पोचायचे आणि संध्याकाळी परत. निवृत्त झाल्यावर त्यांचं सोवळं वाढलं. वाढलं म्हणजे किती, तर आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी आधी गाळून घेतलं, मग त्यात गंगाजळाचे थेंब टाकले, मग आंघोळ केली. आमचे सासरे मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर नाहीत, ते बादली धरून उभे.

महालक्ष्म्यांचे मुखवटे खरं तर थोरल्या घरचे. पण खाणीच्या क्वार्टरमध्ये जागा नव्हती, म्हणून ते आमच्याकडे राहिले आणि सासूबाईंनी ते सांभाळले. सांभाळले म्हणजे कसे, हे बघायला पाहिजे. पेटीतून काढताना त्या मुखवट्यांशी बोलतात. ज्येष्ठेला हिरवं लुगडं, कनिष्ठेला जांभळं, नथ कोणाची, पुतळ्यांची माळ कोणाची, याच्यात त्या मला बोटसुद्धा लावू देत नाहीत. वर्षभर ही बाई एकाच साडीवर राहील, पण महालक्ष्म्यांच्या लुगड्यांसाठी कापूस विकला की आधी वणीला जाईल. मला वाटतं, त्यांना लेक नाही, ती हौस त्या तिथे भागवतात. त्यांचं सगळं वर्ष त्या तीन दिवसांवर टांगलेलं असतं.

तर पहिल्या दिवशी महालक्ष्म्या बसल्या आणि संध्याकाळी सासूबाई ते पितळी ताट चिंचेने घासायला बसल्या. मोठ्या मामाजींनी विचारलं, "हे कोणाचं?" मी खरं काय ते सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं आमच्या घरात कोणालाच कधी वाटलं नव्हतं.

 ते सासऱ्यांकडे बघून म्हणाले, "देवीच्या आधी माणूस जेवते? या घरात?" सासरे जमिनीकडे बघत राहिले. "उद्या ते ताट निघणार नाही. नैवेद्य झाला, आरती झाली, मंग काय द्याचं ते द्या. अन् नेम पाळणं जमत नसन तं सांगा. वणीले देवघर बांधलं हाय मी, चांगलं संगमरवरी. पेटी घेऊन जातो. तशाही त्या थोरल्या घरच्याच हाय."

सासूबाई भासऱ्यांपुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून कधीच बोलल्या नाहीत, पदर डोक्यावर घेऊन आडोशाने जातात. त्या ताट घासत राहिल्या. फक्त चिंचेचा हात थोडा जोरात चालायला लागला.

मला रात्रभर वाटत होतं की यातून काहीतरी निघेल. सकाळी पुरण वाटताना मी सुचवलं, "आई, यंदा नागोरावाले नुसतं पीठ, गूळ, डाळ असा शिधा देऊन टाकू. त्यायच्या घरी मी रांधून देतो."

"तू पोळी लाट," त्या म्हणाल्या.

दुपार झाली. फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगून झाल्या. केळीच्या पानावर नैवेद्य वाढायची तयारी झाली. मोठे मामाजी सोवळं नेसून देवीसमोर बसले होते, सासरे फुलं निवडत होते, माझा नवरा कपिल घंटा पुसत होता. सासूबाईंनी फळीवरून पितळी ताट काढलं. पोळी, भाजी, कढी, वडे, आंबिलीची वाटी, सगळं नेहमीसारखं वाढलं. वरून दुसरं पितळी ताट उपडं घातलं आणि निघाल्या. स्वयंपाकघरातून बाहेर जायची वाट देवीच्या खोलीतूनच आहे.

"मैनाबाई," मोठे मामाजी बसल्या जागेवरून म्हणाले. "मी काल काय सांगतलं? त्या ताटानं उंबरा ओलांडला तं उद्या पेटी वणीले जाईन. मंग मले बोल लावू नका."

 कपिलने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सासूबाई बोलल्या. डोक्यावरचा पदर तसाच, नजर खाली, पण आवाज स्वच्छ.

"घेऊन जा भाऊजी. तुमच्याच हाय." मग जरा थांबल्या. "ज्येष्ठेच्या डाव्या कानातलं ढिलं हाय, त्याले सूत बांधा लागते. काळं नोको, पांढरंच बांधजा. अन् कनिष्ठेले जांभळं लुगडं शोभते, लाल नाही शोभत. तिचा रंग सावळा पडते त्यात."

एवढं बोलून त्या ताट घेऊन उंबरा ओलांडून गेल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आपलं एवढं मोठं काही देऊन टाकताना माणूस रडतं, भांडतं, निदान दोन शब्द तरी सुनावतं. या बाईला काळजी कशाची, तर वणीला गेल्यावर लेकीच्या कानातलं पडेल याची. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मोठ्या मामाजींना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

सासूबाई ताट देऊन लगेच परत आल्या आणि पानावर नैवेद्य वाढायला बसल्या. जणू काही झालंच नाही. मोठ्या मामाजींना ते सोसवलं नाही. ते उठले. "नैवेद्य थांबवा. आता त्याच्याच तोंडावर विचारतो, देवीच्या आधी गिळताना लाज कशी वाटत नाही तुले." सोवळ्यातला माणूस अनवाणी अंगणातून तरातरा निघाला. हे दोघे एका शाळेतले, एका वयाचे; म्हातारपणी एकमेकांची गचांडी धरतील या भीतीने मी मागे धावले.

नागोरावांच्या घराचं दार उघडंच होतं. पडवीत ते पाटावर बसले होते. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठ हलत होते, त्यांचं नामस्मरण चाललेलं. समोर आमचं पितळी ताट. वरचं झाकणाचं ताट हललंसुद्धा नव्हतं. बाजूला तांब्या भरून ठेवलेला.

मोठे मामाजी भांडायला आलेले, पण समोरचा माणूस डोळे मिटून बसलेला, त्यामुळे पंचाईत झाली. ते खाकरले. नागोरावांनी डोळे उघडले.

"दंडवत प्रणाम, सदाशिव. ये, बस."

"तू जेवला नाही अजून?"

"नाही."

"काहून? ताट तं कवाचं आलं. पोट बिघडलं काय?"

"पोटाले काय झालं! पोट तं ओरडून राह्यलं," नागोराव म्हणाले. "तुमच्या घरची घंटा वाजली नाही ना."

मोठे मामाजी उभेच. "घंटेशी तुहा काय संबंध? तू तं देवी मानत नाही."

"नाही मानत. आजही नाही मानत, उद्याही नाही मानणार. माहा देव एक हाय." नागोरावांनी हे असं सांगितलं, जसं कोणी आपलं नाव सांगतं. "पण मैनाबाईच्या घरी लेकी माहेरी आल्या हाय, एवढं तं मले दिसते. घरच्या लेकी उपाशी असताना शेजाऱ्यानं आधी घास घ्यावा, हे जमत नाही मले. तुमची आरती झाली की मी जेवतो."

"दरसाल?"

"दरसाल. तुळसा होती तवा दोघंही थांबत होतो. तिले भूक दम धरू देत नव्हती. कुंपणापाशी जाऊन कान देऊन उभी राहे, अन् मले येऊन सांगे, अजून दुसरीच आरती चालू हाय म्हणून." ते हसले. "तू आरत्या लई लांबवतो लेका, सदाशिव."

मला एकदम ती अळणी आंबील आठवली. कुंपणावरून हाक मारून सांगणार कसे? त्यांनी ती चाखलीच नव्हती. आम्ही तिकडे तोंडं वाकडी करत होतो, तेव्हा कुंपणाच्या या बाजूलाही पहिलाच भुरका घेतला जात होता.  एका बाईने त्यांचा नेम मोडू नये म्हणून आपला नेम बाजूला ठेवला, आणि त्यांनी तिच्या देवीला एकदाही हात न जोडता तिचा मान राखला. आणि दोघांनी याची कुठे वाच्यता केली नाही.

मोठे मामाजी काही वेळ त्या झाकलेल्या ताटाकडे बघत राहिले. नेमाचा माणूस नेमाच्या माणसाला ओळखतो बहुतेक. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला नीट दिसलं नाही, ते वळले होते.

"काही काम होतं काय, सदाशिव?" नागोरावांनी मागून विचारलं.

"नाही. घंटा वाजवाले जातो," मोठे मामाजी म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि कपिलच्या हातातून घंटा काढून घेतली. नैवेद्य दाखवून झाला. एरवी त्यांच्या आरत्या म्हणजे आमची परीक्षा. गणपतीची, देवीची, शंकराची, मग ज्या कोणाला येत नाहीत अशा तीन-चार, प्रत्येक ओळ दोनदा, आणि मागे पंगतीतल्या म्हाताऱ्यांना डुलक्या. त्या दिवशी त्यांनी देवीची एक आरती म्हटली आणि मंत्रपुष्प असं म्हटलं, की कपिल दुसऱ्या ओळीवर असताना ते शेवटाला पोचले. घंटा मात्र अशी बडवली की छपरावरची कबुतरं उडाली. कपिलने सवयीने शंकराची आरती सुरू केली.

"बस झालं," मोठे मामाजी म्हणाले. "तिकडं माणूस उपाशी बसला हाय."

आरती थांबली. त्या शांततेत कुंपणापलीकडून पितळेवर पितळ घासल्याचा आवाज आला. नागोरावांनी झाकण काढलं होतं. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पंगतीसाठी पानं मांडायला घेतली.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. सासूबाईंनी एकेक दागिना उतरवला, लुगड्यांच्या घड्या केल्या, मुखवटे मऊ धडप्यात गुंडाळले. या वेळी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पेटीचं झाकण लावलं आणि पेटी दाराशी सरकवून ठेवली. वणीची गाडी बाहेर उभी होती. माझा जीव त्या पेटीत अडकला होता, त्यांचा किती अडकला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

मोठे मामाजी पेटीपाशी येऊन उभे राहिले. भिंतीकडे बघत म्हणाले, "मैनाबाई, नागोराव थांबते, जेवत नाही, हे तुमाले ठाऊक होतं?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "तुळसानं सांगतलं होतं. लई वर्षं झाले."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

 "मंग तवाच सांगतलं काहून नाही?" मोठ्या मामाजींचा आवाज चढला, पण रागाने नाही. "एक शब्द बोलल्या असत्या तं माहा विषयच मिटला असता. पेटी जाऊ देल्ली, पण बोलल्या नाही?"

"सांगून काय करू, भाऊजी?" सासूबाई म्हणाल्या. "ते थांबते म्हणून थोडी मी ताट देतो. त्यायनं आधी खाल्लं असतं तरी देल्लंच असतं."

 मोठ्या मामाजींनी वाकून पेटी उचलली. सासूबाईंनी डोळे मिटले. मोठे मामाजी मात्र गाडीकडे गेले नाहीत. पेटी घेऊन आत आले, कपिलला स्टूल आणायला लावलं, स्वतः वर चढले आणि ती माळ्यावर तिच्या नेहमीच्या जागी ठेवली. उतरून हात झटकले. बाहेर जाता जाता माझ्याकडे वळून, पण सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, पुढच्या साली नागोरावाचं ताट काढसान तं नैवेद्याच्या अगदी जराकच आधी काढजा. पोळी थंडी होते त्याची."